शेंगदाण्याची ॲलर्जी आणि आपला कुटाचा डबा

मराठी स्वयंपाकघरात शेंगदाण्याला कोणी जिन्नस म्हणून मोजत नाही. कोशिंबिरीला पाणी सुटलं, टाका चमचाभर कूट. रस्सा पातळ झाला, टाका मूठभर कूट. चटणी फार तिखट झाली, तरी कूटच. हात आपोआप त्या डब्याकडे जातो आणि पाच मिनिटांनी विचारलं तर आठवतही नाही. त्यामुळे ‘यात शेंगदाणे आहेत का हो?’ असं विचारलं की समोरची बाई अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या डोळ्यांसमोर अख्खे दाणे असतात. घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर आधी प्रश्न विचारायला शिका. ‘कूट घातलंय का? चटणी कशाची आहे? हे तळलं त्या तेलात आज आणखी काय तळलं?’ असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे आणि तिन्हींचं उत्तर मिळेपर्यंत मुलाच्या ताटात काही वाढू द्यायचं नाही.

मी ठाण्याला पाचपाखाडीत राहते. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांना घरून पोळी-भाजीचे डबे देते. माझ्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आता ती अकरा वर्षांची आहे. रोज चार घरांचा स्वयंपाक माझ्या हातून होतो, त्यामुळे कूट कुठून कुठे पोहोचतं हे मला आतून माहीत आहे. दूध, अंडं, काजू, कोळंबी यांची ॲलर्जी असलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण मला शेंगदाणा ठाऊक आहे म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आधी निदान नीट करून घ्या

अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, खाल्ल्यावर लगेच उलटी झाली, की काही जण थेट लॅबमध्ये जाऊन भलंमोठं पॅनेल करून घेतात. रिपोर्टवर वीस-पंचवीस पदार्थांसमोर खुणा येतात आणि त्या दिवसापासून मुलाचं दूध, गहू, तूरडाळ, टोमॅटो सगळं बंद. मूल वाळत जातं. रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) तपासणी किंवा त्वचेवर हलकं टोचून केलेली प्रिक टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. शरीर त्या पदार्थाला ओळखतंय, एवढंच त्यातून कळतं. काय खाल्लं, किती वेळात काय झालं, ही हकिगत आणि तपासणी दोन्ही समोर ठेवून ॲलर्जीचे डॉक्टर निदान करतात. आयजीजी या दुसऱ्याच प्रतिपिंडाच्या नावाने विकली जाणारी पॅनेलं तर अन्नाच्या ॲलर्जीचं निदान करण्यासाठी उपयोगाचीच नाहीत. त्यांवर पैसे घालवू नका.

डॉक्टरांकडे जाताना वहीत लिहून न्या. कुठला पदार्थ, केवढा घास, किती मिनिटांनी त्रास सुरू झाला, आधी ताप किंवा खोकला होता का. अशी ॲलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. शेंगदाणा हा तसा कडधान्यांचा भाऊबंद, म्हणून हरभरा, मूग, तूरही बंद करावी का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. शेंगदाणा बाधणाऱ्या बहुतेकांना ही कडधान्यं चालतात; माझी लेक पुरणपोळी आणि पिठलं दोन्ही आवडीने खाते. काजू-बदामांचं मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा.

मुलाला दमा असेल तर तो आटोक्यात ठेवणं हा या सगळ्याचाच भाग आहे. दमा बळावलेला असताना ॲलर्जीचा झटका आला तर तो जास्त धोक्याचा होतो. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने छाती भरते, तेव्हा आमच्याकडे पंपाचा एकही डोस चुकत नाही.

घरातली कढई, मिक्सर आणि तेल

घरातून शेंगदाणा पूर्ण काढून टाकायचा की मुलापुरता वेगळा ठेवायचा, यावर घराघरांत वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: मूल लहान आहे तोवर पूर्ण काढा. कूट ही पूड आहे. ती ओट्यावर सांडते, डाव-चमच्यांना लागते, मिठाच्या डब्यात जाते. मिक्सरच्या झाकणाच्या रबरी रिंगखाली तर ती हमखास अडकून बसते. रिंग काढून बघा, पिवळट थर दिसेल. मी चटणीचं भांडं, लाकडी डाव आणि खलबत्ता बदलला. स्टीलची आणि लोखंडी भांडी साबणाने घासली की पुरतं. डब्यांच्या गिऱ्हाइकांनाही सांगून टाकलं की माझ्याकडच्या जेवणात शेंगदाणा नसेल. त्यावरून कोणी डबा बंद केला नाही.

भाजला, उकडला, तळला म्हणून शेंगदाणा निर्धोक होत नाही. उलट भाजल्यावर त्यातली काही प्रथिनं ॲलर्जीच्या दृष्टीने जास्त जहाल होतात.

तेलाचं नीट समजून घ्या. कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. पण हल्ली आपल्याकडे लाकडी घाण्याचं तेल पुन्हा घरोघरी आलंय, आणि घाण्याच्या तेलात प्रथिन राहतं. पाहुण्यांच्या घरी कुठलं तेल आहे ते दरवेळी तपासणं शक्य नसतं, म्हणून मी शेंगदाण्याचं कुठलंच तेल चालवून घेत नाही. घरी सूर्यफूल आणि राइस ब्रॅन वापरते.

कुटाशिवाय चव येत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगते. भरल्या वांग्यात मी भाजलेले तीळ, सुकं खोबरं आणि पंढरपुरी डाळ्याचं कूट घालते. रस्सा तसाच दाट होतो. (तिळाचीही ॲलर्जी असणारी मुलं असतात, त्यांनी डाळं आणि खोबऱ्यावर भागवावं.) काकडीच्या कोशिंबिरीत ओलं खोबरं. अळूच्या फदफद्यात दाण्यांऐवजी भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि खोबऱ्याचे काप. लसणीच्या चटणीला सुकं खोबरं पुरेसं आहे.

साबुदाण्याच्या खिचडीत मात्र कुटाचं काम चवीपुरतं नसतं. ते ओलावा शोषून घेतं आणि साबुदाणा मोकळा ठेवतं. नुसतं कूट गाळलं तर लगदा होतो. म्हणून साबुदाणा धुतल्यावर पाणी निथळून टाकायचं, वर जेमतेम ओल राहील एवढंच ठेवून रात्रभर झाकायचं. सकाळी दाणा बोटांत दाबून बघायचा. सहज चिरडला पाहिजे, पण हाताला चिकटता कामा नये. मग त्याला चमचाभर पातळ तूप, मीठ आणि साखर हलक्या हाताने चोळायची. खवलेलं ओलं खोबरं आधी कोरड्या कढईत मंद आचेवर परतून घ्यायचं, त्यातला ओलसरपणा जाईपर्यंत, पण रंग न बदलता. ते बाजूला काढायचं. तुपात जिरं, मिरची, बटाट्याच्या काचऱ्या, त्यावर साबुदाणा. झाकण अजिबात ठेवायचं नाही, वाफेनेच गोळा होतो. दाणे पारदर्शक व्हायला लागले की खोबरं मिसळून लगेच गॅस बंद. माझ्या डब्यांत एकादशीला हीच खिचडी जाते.

उपवासाचे दिवस सर्वांत अवघड

मुलांच्या आईबापांनी कालनिर्णय उघडून संकष्टी, एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्र यांवर आधीच खूण करून ठेवावी. या दिवशी शेंगदाणा सगळीकडे असतो, आणि तो फक्त उपवासाच्या पदार्थांत नसतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. एरवी फक्त बटाटेवडे तळणारा गाडीवाला चतुर्थीला त्याच कढईत साबुदाणावडे तळतो. साबुदाणावड्यात कूट असतं, ते तेलात उतरतं, आणि पुढचा बटाटेवडा त्याच तेलातून निघतो. गाडीवाल्याला ‘बटाटेवड्यात शेंगदाणे आहेत का’ विचाराल तर तो ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंच असेल. म्हणूनच तेलाबद्दलचा प्रश्न वेगळा विचारायचा. वडापावच्या सुक्या लाल चटणीतही बऱ्याच ठिकाणी दाणे असतात, आणि ती चटणी लागलेल्या हातानेच पुढचा पाव उघडला जातो. ठाण्यात वाढणाऱ्या मुलाला वडापाव नाकारणं जड जातं, हे मला माहीत आहे. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी घरी वडे होतात आणि तिच्या मैत्रिणी खायला येतात.

नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला आम्ही दरवर्षी जातो. प्रसाद हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि पिशवीत ठेवायचा, असं तिला लहानपणापासून शिकवलंय. फुटाणे-शेंगदाणे एकत्र असतात, पंचखाद्य आणि खिरापतीत कोणी काय घातलंय ते कळत नाही. केळं, खडीसाखर हे तिथेच खाता येतं. प्रसाद नाकारल्याचं पाप लागेल अशी धास्ती काही घरांत असते. आमच्या भटजींनीच सांगितलं की भक्तिभावाने हातात घेतला म्हणजे प्रसाद पोहोचला.

संक्रांतीला ती स्वतःच्या डबीतले घरचे तिळाचे लाडू बरोबर नेते. इतरांनी दिलेला तिळगूळ घेते, ‘गोड बोला’ म्हणते, आणि खाते तो आपल्या डबीतला. काटेरी हलव्याच्या आतही कधी शेंगदाणा असू शकतो. गुळपोळी दुसऱ्यांच्या घरची नकोच.

पाकिटं वाचण्याची सवय

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलिंगच्या नियमांत आठ गटांची ॲलर्जीची माहिती पाकिटावर देणं बंधनकारक आहे: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचवाले जलचर म्हणजे कोळंबी-खेकडे वगैरे, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट. जिन्नसांच्या यादीखाली ‘कंटेन्स’ अशी ओळ असते. कारखान्यात शेंगदाण्याचा संपर्क झाला असण्याची शक्यता असेल तर ‘मे कंटेन’ लिहिलेलं असू शकतं. ही दुसरी ओळ बारीक टाइपात असते आणि बरेच जण ती सोडून देतात. आम्ही ते पाकीट परत रॅकवर ठेवतो. तीळ आणि मोहरी या आठांत नाहीत, त्यामुळे त्यांची ॲलर्जी असेल तर जिन्नसांची यादी अख्खी वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

ओळखीचं बिस्कीटही प्रत्येक वेळी वाचायचं, कारण कंपन्या कृती बदलतात आणि त्याच नावाच्या लहान-मोठ्या पाकिटांचा कारखाना वेगळा असू शकतो. मलमांवर आणि औषधांवर शेंगदाण्याच्या तेलाला ‘अराकिस ऑइल’ म्हटलेलं असतं. केमिस्टला आधीच सांगून ठेवा.

सुट्टं काहीच नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. फरसाण, चिवडा, बेकरीतली नानकटाई, हलवायाच्या ट्रेमधली मिठाई, कशालाच लेबल नसतं. चिवड्याचा डाव शेवेच्या डब्यात जातो. शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन पिस्ता म्हणून विकल्याच्या बातम्या पेपरात येतात, म्हणून ‘आमच्यात फक्त पिस्ता आहे’ या शब्दावरही मिठाई घेऊ नका. दिवाळीचा फराळ मी स्वतः करते. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर आणि राम मारुती रोडवर जाताना तिच्या खांद्यावरच्या पिशवीत चकल्या असतात.

हॉटेलात विचारायचं कसं

गर्दीच्या वेळी प्रश्न विचारून उपयोग नसतो. वेटर ‘हो हो, नाही घालत’ म्हणतो आणि आतल्या आचाऱ्यापर्यंत निरोप पोहोचत नाही. आम्ही आधी दुपारी चारच्या सुमाराला फोन करतो, आचाऱ्याशी बोलायला मागतो. गुजराती फरसाणवाल्याशी ‘सिंगदाणा’ म्हणायचं, उत्तरेकडच्या आचाऱ्याशी ‘मूंगफली’. उडुप्याकडे चटणीत नारळाला जोड म्हणून दाणे घालतात का ते विचारायचं. लेमन राइसमध्ये ते असतातच. पंजाबी ग्रेव्ही काजूची असते असं आपण धरून चालतो, पण काही ठिकाणी त्यात दाण्याची पेस्ट मिसळतात. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूबरोबर ॲलर्जीची माहिती देणं नियमाने बंधनकारक आहे. ती हक्काने मागा. घरपोच मागवताना ॲपवर लिहिलेल्या सूचनेवर कधीच विसंबू नका.

तिच्याजवळ एक कार्ड असतं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मजकूर असा:

‘मला शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे. अख्खे दाणे, कूट, दाण्याची चटणी, शेंगदाणा तेल, यातलं थोडंसुद्धा पोटात गेलं तर माझा श्वास अडकू शकतो. कृपया माझं जेवण धुतलेल्या भांड्यात, स्वच्छ डावाने, ताज्या तेलात करा. खात्री नसेल तर देता येणार नाही असं सांगा. मी आभार मानीन.’

शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत जास्त कामाला येतात. आचाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक मिळाली की तो खरं सांगतो.

लोकलमध्ये शेजारी कोणी खारे दाणे खात असेल तर घाबरून डबा बदलायची गरज नाही. नुसत्या वासाने सहसा गंभीर झटका येत नाही; धोका असतो तो हाताला लागून तोंडात जाण्याचा. खाण्याआधी साबणाने हात धुवा, नाहीतर ओल्या वाइप्सने पुसा. सॅनिटायझर शेंगदाण्याचं प्रथिन काढत नाही, हे शाळेतल्या शिक्षकांनाही सांगून ठेवा.

शाळा

जून महिन्यात, वर्ग सुरू व्हायच्या आधी, वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका आणि बसमधल्या ताई, तिघींना भेटा. सोबत डॉक्टरांनी सही केलेला कागद न्या. फोटो, ॲलर्जी कशाची, लक्षणं कोणती, काय करायचं, फोन नंबर. तोंडी सांगितलेलं दिवाळीपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. वाढदिवसाच्या चॉकलेटांसाठी तिच्या नावाचा एक डबा बाईंच्या कपाटात ठेवा, म्हणजे वर्गात वाटप झालं की तिलाही त्याच क्षणी काहीतरी मिळतं. डबा खाताना तिला एकटीला वेगळं बसवू नका, असं मी आवर्जून सांगते. शेजारी जिच्या डब्यात दाणे नाहीत अशी मैत्रीण बसली की झालं. पाण्याची बाटली मात्र उष्टी करायची नाही.

लोणावळ्याची सहल म्हटली की चिक्की आलीच. तेव्हा झटका आल्यावर द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन कोणत्या बाईंच्या पर्समध्ये आहे, ते त्यांना देता येतं का आणि बस थांबते तिथून जवळचं इस्पितळ कुठलं, हे लिहून मिळाल्याशिवाय मी संमतीपत्रावर सही करत नाही.

झटका आला तर

एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, वाढप्याला विचारून घेतलेल्या कोशिंबिरीत कूट निघालं. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘आई, जिभेला टोचतंय.’ मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, गळ्याभोवती गांधी उठल्या. आजूबाजूच्या बायका आमसुलाचं पाणी आणायला धावल्या. तेवढ्यात ती कोरडं खोकायला लागली आणि तिचा आवाज घोगरा झाला. तो घोगरा आवाज ऐकला आणि मी इंजेक्शन काढलं. तिथेच सतरंजीवर आडवी केली, मांडीत दिलं, जावेने १०८ ला फोन लावला. काही मिनिटांत खोकला सैल पडला.

लक्षणं नीट पाठ करा. अंगावर पित्त किंवा ओठांना सूज, आणि सोबत यांपैकी काही: सतत खोकला, घरघर, घोगरा आवाज, गिळायला त्रास, पुन्हापुन्हा उलटी, पोटात जोराच्या कळा, चक्कर, अंग पांढरंफटक पडणं, एकदम गळून जाणं. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. शेंगदाणा पोटात गेल्याचं माहीत असेल तर नुसता श्वासाचा त्रास किंवा नुसती घेरी एवढंही पुरेसं आहे. अंगावर काहीही न उठता झटका येऊ शकतो. लहान मूल घशात काहीतरी अडकलंय म्हणतं, जीभ खाजवतं, किंवा खेळता खेळता एकदम गप्प होऊन मांडीवर येऊन पडतं.

यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनालिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. सिट्रिझिनसारख्या गोळ्या खाज आणि पित्त कमी करतात, पण सुजलेला घसा किंवा उतरलेलं ब्लड प्रेशर त्यांनी सावरत नाही. गोळी देऊन वाट बघण्यात जो वेळ जातो त्यातच जीव जातो. शंका असेल तर इंजेक्शन द्या. नंतर छाती धडधडते, हात थरथरतात, चेहरा फिका पडतो; ते औषधामुळे होतं आणि थोड्या वेळात ओसरतं.

परदेशात पेनसारखं ऑटोइंजेक्टर असतं, आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. त्यामुळे बहुतेक डॉक्टर साधी ॲम्प्यूल (औषधाची काचेची बंद कुपी) आणि सिरिंज लिहून देतात आणि वापरायला शिकवतात. ॲम्प्यूल अगदी स्वस्त असते. डोस वजनावर ठरतो, साधारण किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या मुलाला ०.२५ मिलिग्रॅम. पण तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वजन वाढलं की बदलून घ्या. आमच्या सिरिंजवर त्या रेघेपाशी लाल मार्करने खूण केलेली आहे. खरी अडचण घाबरलेल्या हातांनी काचेची ॲम्प्यूल फोडण्याची असते. म्हणून पाण्याच्या ॲम्प्यूल आणून सराव करा: मान रुमालात धरायची, बाहेरच्या बाजूला तोडायची, औषध ओढायचं, हवा काढायची, आणि संत्र्यात टोचायचं. आमच्या घरी मी, नवरा, सासूबाई आणि आता लेक, सगळ्यांना हे येतं. काही डॉक्टर भरून ठेवलेली सिरिंज देतात. ती किती दिवसांनी बदलायची ते त्यांच्याकडूनच घ्या.

डबी अपारदर्शक असावी, औषधाला उजेड चालत नाही. स्कूटरच्या डिकीत, उन्हात उभ्या गाडीत, फ्रीजरमध्ये ठेवू नका. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं; गुलाबी किंवा तपकिरी झाक आली तर टाकून द्या. नेहमी दोन डोस बरोबर ठेवा. पाच ते पंधरा मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा द्यावा लागतो. आणि डबी मुलाजवळ हवी. मूल तलावपाळीला असताना घरातल्या कपाटातल्या इंजेक्शनचा काही उपयोग नाही.

इंजेक्शननंतर मुलाला आडवं ठेवा, पाय उशीवर उंच. धाप लागत असेल तर बसवा, पण पाय लांब करूनच. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. बरं वाटतंय म्हणालं तरी उभं करू नका, जिन्यावरून चालवू नका. एकदम उभं राहिल्याने ब्लड प्रेशर कोसळू शकतं. १०८ ला ‘ॲलर्जीने श्वास अडकलाय, ॲनाफिलॅक्सिस आहे’ असं स्पष्ट सांगा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळच्या ट्रॅफिकचा हिशोब आधीच करावा. कोणत्या इस्पितळात चोवीस तास इमर्जन्सी चालू असते, तिथे लहान मुलांना घेतात का, हे एका निवांत दुपारी स्वतः जाऊन विचारून या. ॲम्ब्युलन्सला उशीर होणार असेल तर इंजेक्शन देऊन मगच गाडीत घाला, मागच्या सीटवर आडवं. मूल अगदी टवटवीत दिसलं तरी इस्पितळात काही तास थांबायचंच, कारण लक्षणं काही तासांनी पुन्हा उलटू शकतात.

आधीचा झटका सौम्य होता म्हणून पुढचा सौम्य असेल असं धरू नका.

घरची माणसं

‘आमच्या वेळी नव्हत्या असल्या ॲलर्ज्या. थोडं थोडं देत जा, सवय होईल.’ हे तुम्हाला ऐकावं लागणार. त्यावर चिडून उपयोग नाही. सासूबाईंना मी डॉक्टरांकडेच घेऊन गेले. त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि तेव्हापासून हळदीकुंकवाला जाताना दारातच ‘आमच्या नातीला कूट चालत नाही हं’ असं त्याच सांगतात. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचा उपचार खरोखर आहे, पण तो मिलिग्रॅममध्ये मोजून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करतात. घरी चमच्याने तो करायचा नसतो.

नणंदेला बाळ झालं तेव्हा तिने भीतीपोटी शेंगदाणा लांबच ठेवायचं ठरवलं होतं. २०१५ साली लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर पुढे ही ॲलर्जी होण्याचं प्रमाण खूपच कमी होतं. तिने बालरोगतज्ज्ञांना विचारून, बाळाला आधी तपासून, पेजेत अगदी बारीक, गुठळी नसलेली पूड मिसळून तिच्या घरी सुरुवात केली. ज्या बाळाला आधीच तीव्र एक्झिमा (त्वचेला खाज आणि चट्टे येण्याचा विकार) किंवा अंड्याची ॲलर्जी आहे त्याला विचारल्याशिवाय देऊ नका. अख्खा दाणा तर पाच वर्षांपर्यंत कोणत्याच मुलाला नको, श्वासनलिकेत अडकतो.

पुन्हा तपासणी

दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचांत एकाची. म्हणून डॉक्टर मधूनमधून रक्त आणि त्वचेची तपासणी करतात, आणि आकडे उतरलेले दिसले तर इस्पितळात फूड चॅलेंज ठेवतात. त्यात अगदी कणभरापासून सुरुवात करून ठरावीक वेळाने मात्रा वाढवत शेंगदाणा खायला देतात. शेजारी ॲड्रेनालिन आणि डॉक्टर तयार असतात. ‘आता मोठी झालीय, बघू एक दाणा देऊन’ असं घरी कोणीही करायचं नाही. चॅलेंजच्या आधी ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या आणि किती तास उपाशी राहायचं ते लिहून घ्या. मुलाला सर्दी-ताप किंवा छातीत घरघर असेल तर तारीख पुढे ढकला. अर्धा-पाऊण दिवस सहज जातो, तेव्हा पुस्तक, पत्ते आणि संध्याकाळी घरी येताना खायला तिच्या आवडीचं काहीतरी डब्यात असू द्या.